उजव्या हाताचा जपानी चाकू

किन्हीराजाच्या गिरजाबाईचे हात मोठे. लग्नात कासारानं अख्खी पेटी धुंडाळली, पण एकही बांगडी अंगठ्याच्या खाली उतरेना. "हे बाईचं माप नोहे बाप्पा," म्हणत त्यानं पेटी बंद केली आणि मांडवात हशा पिकला. सासूनं मात्र ते हात उलटेपालटे करून पाहिले, "कामाचे हायेत," म्हणाली आणि हळद उतरायच्या आत त्यांना कामाला जुंपलं. सासवांचं कौतुक असंच असतं, लगेच मजुरीत वसूल होतं.

नवरा चंपत. जातीचा माळी, आणि धंदा डोळे भरायचा. आता डोळे भरणं म्हणजे काय, हे ज्यांनी संत्रा फक्त सोलून खाल्ला त्यांना सांगावं लागेल. संत्र्याची चांगली झाडं बी टाकून होत नाहीत. जंबेरीचं, म्हणजे रानटी लिंबाचं रोप वर्षभर वाढवायचं. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चाकूनं चीर द्यायची. मग जातिवंत संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, नखाएवढ्या सालीसकट, अलगद कापून त्या चिरेत सरकवायचा आणि केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या सुकल्या पापुद्र्यानं, घट्ट बांधायचा. एकवीस दिवसांनी सोडून पाहायचं. डोळा जगला तर झाड, मेला तर वर्ष पाण्यात. अशी हजारो रोपं जिथं वाढवतात त्या जागेला आमच्याकडे पन्हेरी म्हणतात.

किन्हीराजाच्या शिवारात बापूरावाची पन्हेरी होती आणि तिथं पंधरा वर्षं हे दोघं नवरा-बायको काम करत होते. चंपत डावरा. तो डाव्या हातानं कापायचा, आणि गिरजाबाई रोपाच्या पलीकडे त्याच्या समोर उकिडवी बसून बांधायची. शंभर डोळ्यांतले नव्वद जगायचे. डावऱ्याच्या हातचं झाड फळत नाही असं म्हणणारे लोक होते, पण नव्वदाचा आकडा ऐकला की गप बसायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. चंपत जनावरांच्या छावणीवर कामाला गेला आणि तिथं कडबा कापायच्या यंत्रात त्याचा डावा अंगठा सापडला. पुरता तुटला नाही, जोडला गेला, जखम भरली. लोक म्हणाले, वाचला. गिरजाबाईलाही तसंच वाटलं होतं. पण एका सकाळी चिलमीवर ठेवायला त्यानं चुलीतला निखारा उचलला, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला, आणि तसाच धरून तिच्याशी बोलत बसला. कातडी करपल्याचा वास तिला आला, त्याला नाही. तिनं झटका देऊन निखारा पाडला तेव्हा त्यानं अंगठ्याकडे पाहिलं आणि हात धोतरात लपवला. त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला.

कारण डोळे भरणाऱ्याचा सगळा जीव अंगठ्यात असतो. साल कुठं सुटते, पातं लाकडात कुठं रुततं, हे डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला समजतं. त्या साली नव्वदाचे सत्तर झाले. पुढच्या साली पन्नास. चंपत म्हणे, बाजारातले चाकू कामाचे राहिले नाहीत. तीन चाकू बदलले. वाशीमकडच्या मालेगावच्या लोहाराशी भांडला. गिरजाबाई ऐकून घेई. तुमचा अंगठा गेला, हे नवऱ्याला तोंडावर सांगायचं कसं? तिच्यानं झालं नाही.

बापूरावाच्यानं झालं. तो काही वाईट माणूस नव्हता, पण आतबट्ट्याचा धंदा किती दिवस करायचा? "चंपत," तो म्हणाला, "येत्या साली पाऊनशेच्या खाली आलं तं मी वरुडाकडचे कारागीर आनतो. मंग माह्या नावानं बोंबलू नको." चंपतनं चाकू थैलीत टाकला. घरी येऊन दोन दिवस जेवला नाही.

त्याच फाल्गुनात मालेगावात घेवरचंदशेठच्या घरी लग्न होतं. घेवरचंदचं कापडाचं दुकान, माणूस मोठा धार्मिक आणि तेवढाच बोलका. त्याचा मावसभाऊ मांगीलाल मोत्यांच्या धंद्यात जपानात, कोबेला राहायचा, तो लग्नाला आला होता. चंपत संत्र्याच्या डाली घेऊन गेला तेव्हा मांगीलालनं एक फोड तोंडात टाकली आणि बोलता बोलता म्हणाला, तिकडेही संत्र्याचे बगीचे आहेत, तिकडचे माळी बाजारातला चाकू हातात धरत नाहीत. गावात एखादा म्हातारा लोहार असतो, तो एकेकाच्या हाताचं माप घेऊन चाकू घडवतो. असा चाकू बापाकडून पोराकडे जातो.

झालं. चंपतनं तेवढं एक धरलं. घरी आला तो तेच, झोपेतून उठला तरी तेच. "गिरजे, हाताच्या मापाचा चाकू असते. हाताच्या मापाचा." तिला वाटलं, बुडत्याला काडीचा आधार. पण दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर उजेड दिसला होता, तिनं तो विझवला नाही. गोठ्यातला एकुलता गोऱ्हा विकायला तीच म्हणाली.

घेवरचंदशेठनं आधी कानावर हात ठेवले. "अरे भई, आमच्यात हत्याराचा धंदा वर्ज्य हाय. चाकू, सुरी, कुऱ्हाड, काही नाही."

"शेठजी, हे हत्यार नोहे," चंपत काकुळतीला आला. "यानं मरत नाही कोनी. यानं झाड होते."

शेठनं बराच विचार केला. शेवटी तोड काढली, की मी घेणार नाही, विकणार नाही, चाकूला हात लावणार नाही. फक्त मांगीलालला पत्र लिहीन. पत्रात कसली आली हिंसा? आणि लिहिलंही त्यानं, चांगलं दोन पानी.

चैत्रात उत्तर आलं. लोहार तयार होता. त्यानं विचारलं होतं, झाड कोणतं, साल किती जाड, काम बसून करता का उभ्यानं? आणि शेवटी, कारागिराचा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिलीची रेघ ओढून पाठवा.

त्या दिवशी गिरजाबाईही दुकानात होती. शेठनं गादीवर कोरा कागद अंथरला, कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावलं, कारण शुभकामाचा कागद कोरा जाऊ नये. चंपतनं डावा हात पुढे केला. वाकडा अंगठा, त्यावर करपल्याचा डाग. गिरजाबाईनं झटकन त्याचं मनगट धरलं.

"डावा कायले ठेवता? परमुलखातल्या मानसाले डावा हात धाडता का?"

"बरोबर बोलते," शेठ म्हणाला. "सौदा उजव्या हातानं. दान उजव्या हातानं. डावा पाठवला तं तो मानूस मनात काय म्हनन?"

चंपत घुटमळला. "माप तं दोहीचं एकच," तो म्हणाला, आणि त्यानं उजवा हात ठेवला. गिरजाबाईला दिसलं की त्याला बरंच वाटलं होतं. तो वाकडा अंगठा कोणाला दाखवायचा नव्हता त्याला. शेठनं रेघ ओढली, पाकीट बंद झालं. तीन शहाणी माणसं, एक दुकान चालवणारा, एक सतरा वर्षं मुरलेला कारागीर, एक त्याच्या हातात हात घालून काम केलेली बाई. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की जिथं हाताच्या मापानं चाकू घडतो तिथं हात कोणता हेही पाहत असतील. मानपानापुढे आपली अक्कल अशीच पेंड खायला जाते.

आठ महिने गेले. पाऊस झाला, जंबेरी जोमात वाढली. दिवाळी झाली तरी चाकूचा पत्ता नाही. बापूराव रोज फटफटीवर यायचा, रोपांच्या खोडांना चिमटीत धरून पाहायचा आणि विचारायचा, "कधी लागता?" चंपत म्हणे, साल अजून सुटत नाही. साल सुटत होती. गिरजाबाईनं नखानं पाहिली होती. चार दिवस गेले, आठ गेले. दहाव्या दिवशी बापूराव म्हणाला, "सोमवारी चाकू लागला नाही तं मंगळवारी मी वरुडाले जातो."

रविवारी मांगीलालचा कोणी पाहुणा चाकू घेऊन मालेगावात उतरला. घेवरचंदशेठनं पुडकं हातात न घेता पाटावर ठेववून घेतलं आणि चंपतला निरोप धाडला. चंपत बसनं गेला आणि येताना ते पुडकं छातीशी धरून आला.

पन्हेरीतल्या झोपडीपुढे त्यांनी ते उघडलं. आत लाकडाची पेटी, तिच्यात तेलाच्या कागदात गुंडाळलेला चाकू. पातं बोटभर, काळपट, फक्त धारेला लखलखीत. मूठ पिवळ्या लाकडाची, तळव्याच्या फुगवट्याला भरेल अशी गोलसर, आणि एका बाजूला अंगठ्यासाठी घासून केलेला खळगा. गिरजाबाईनं इतकं देखणं लोखंड कधी पाहिलं नव्हतं.

चंपतनं तो डाव्या हातात घेतला. फिरवून पाहिला. पुन्हा फिरवला. खळगा अंगठ्याखाली येईना, बोटांकडे जाई. त्यानं एक काडी घेतली आणि पातं लावलं. पातं सालीखालून सरळ सरकायचं सोडून लाकडात घुसलं. दुसरी काडी घेतली, तेच. तेव्हा त्यानं धार उन्हाकडे धरून पाहिली. धार एकाच अंगाला होती, दुसरं अंग आरशासारखं सपाट. उजव्या हातात धरलं की सपाट अंग झाडाकडे यावं, असा तो घडवलेला होता. डाव्या हातात सगळंच उलटं.

तो कागद, ते कुंकवाचं बोट, आपण धरलेलं मनगट, सगळं एका क्षणात गिरजाबाईसमोर आलं.

"माह्याच्यानं झालं," ती म्हणाली. "म्या धरला तुमचा हात."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. चार शिव्या दिल्या असत्या, पेटी फेकली असती. त्यानं चाकू पुसला, पेटीत ठेवला आणि म्हणाला, "उद्या सोमवार हाय. जुनाच काढून ठेव."

सोमवारी जुन्या चाकूनं काम सुरू झालं. दिवसभरात दोन ओळी झाल्या, चारशे रोपं. गिरजाबाई बांधत होती आणि प्रत्येक डोळ्याखाली तिच्या बोटांना साल चेचलेली लागत होती. हा मेला. हाही मेला. ती मनात मोजत होती आणि तोंडानं बोलत नव्हती. शंभरात पन्नासही जगणार नव्हते. माणसाचं नाव सतरा वर्षं लागून उभं राहतं आणि जायला दोन ओळी पुरतात.

मंगळवारी ती पेटी घेऊन रानात आली. चंपतनं पाहिलं. पहिल्या रोपापाशी ती त्याच्या नेहमीच्या बाजूला जाऊन बसली आणि तिनं चाकू उजव्या हातात धरला. मूठ चंपतच्या हाताच्या मापाची होती. ज्या हातांना कासाराकडे बांगडी नव्हती त्यांना ती बसली. थोडी सैल होती, तिनं पदराची चिंधी फाडून गुंडाळली.

सतरा वर्षं ती त्याच्या समोर बसली होती. समोरच्याचा डावा हात म्हणजे आपल्या उजव्या हाताच्या समोरचा. त्याचा हात जसा हलायचा तसा आपला हलवायचा, एवढंच. तिनं काडी धरली, डोळ्याच्या वर पातं टेकवलं आणि खाली ओढलं. डोळा नखाएवढ्या सालीवर सुटून तिच्या बोटावर आला, मागं लाकडाचा कणही नाही. चीर दिली, साल उचलली, डोळा आत सरकवला.

चंपत पाहत होता. त्याच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते तिनं पाहिलं नाही, वर पाहायची हिंमत नव्हती. थोड्या वेळानं सोपटाची दोरी घेतलेला त्याचा हात रोपाकडे आला.

"बांधतो मी," तो म्हणाला. "तू पुढचं घे."

इथं आता बापूरावाच्या पन्हेरीचा नियम सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? नियम त्याच्या आजीपासूनचा. बाईनं पाणी द्यावं, निंदण करावं, बांधावं. पण कलमाच्या रोपाला बाईचं पातं लागता कामा नये. लागलं तर झाड वाढतं आणि फळत नाही म्हणे. कोणी पाहिलं? कोणीच नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास फार पक्का असतो. दोन सालांपूर्वी एका मजुरणीनं जंबेरीचे काटे विळ्यानं छाटले, तर बापूरावानं ती अख्खी ओळ उपटून बांधावर फेकली होती आणि तिला त्याच पावली घरी धाडलं होतं. आणि इथं एक ओळ नव्हती, सहा हजार रोपं होती.

तेव्हा दोघांनी कान फटफटीकडे लावून काम केलं. किन्हीराजाच्या रस्त्यावर ती फट्‌ फट्‌ ऐकू आली की चाकू चंपतच्या हातात आणि दोरी गिरजाबाईच्या. बापूराव येई, लांबून पाही, जाई. तो गेल्यावर जागा पुन्हा बदलत. तिला अन्न गोड लागेना. कावळा उडाला तरी हात थांबे. चंपतचा बधिर अंगठा दोरीची गाठ मारताना चुके, मग ती बोटानं दाबून दाखवी, आणि तो माणूस, ज्याचं नाव ऐकून लोक वाशीमहून काड्या घ्यायला येत, मान खाली घालून पुन्हा गाठ मारी. त्या वेळी तिला रडू यायचं. पण दिवसाकाठी पाचशे रोपं होत होती, आणि एकाही डोळ्याखाली साल चेचलेली लागत नव्हती.

आठव्या दिवशी बापूरावाची फटफटी रस्त्यात पंक्चर झाली आणि तो बांधाबांधानं चालत आला.

गिरजाबाईला आधी त्याच्या चपला दिसल्या. दोन रोपं पलीकडे. चाकू तिच्या हातात होता. तिनं तो रोपाच्या बुडाशी मातीत सोडला आणि पदर सावरायला हात वर नेला. त्याच क्षणी चंपतनं वाकून चाकू उचलला, आणि घाईत उचलला तो उजव्या हातानं, कारण मूठ तशी पडली होती.

"डावरा उजवा कधी झाला गा?" बापूरावानं विचारलं.

"चाकूच उजव्याचा हाय, मालक. जपानचा."

"असं?" बापूराव खाली बसला. "भर पाहू एक. पाहू तरी जपानचं काम."

चंपतनं काडी डाव्या हातात घेतली, चाकू उजव्यात. सत्तेचाळीस वर्षांत त्या हातानं त्यानं भाकर सोडून काही धरलं नव्हतं. पातं डोळ्यावर टेकलं, ओढलं, डोळा सुटला, आणि पातं पुढे सरकून डाव्या अंगठ्यात शिरलं. रक्ताची धार लागली. चंपतनं ते पाहिलंच नाही. तो चीर देत राहिला, साल उचलत राहिला, काडीवरून, मनगटावरून रक्त मातीत ठिबकत राहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"चंपत," बापूराव हळूच म्हणाला. "रगत येऊन राह्यलं."

चंपतनं खाली पाहिलं. मग घाईघाईनं म्हणाला, "सवय हाय, मालक. दुखत नाही."

बापूराव त्याच्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहत होता. मग त्यानं खिशातला लाल रुमाल काढला, फाडला, आणि अर्धा चंपतला अंगठ्याला बांधायला दिला. उरलेला त्या रोपाला गाठ मारून बांधला. "एकवीस दिवसानं येतो," म्हणाला आणि गेला.

उरलेल्या ओळी चार दिवसांत भरून झाल्या आणि मग गिरजाबाईला वाट पाहणंच उरलं. ती रोज ओळींतून फिरे, सोपटाला हात लावायची बंदी, नुसतं पाहणं. डोळा कापताना त्याच्याबरोबर ठेवलेला पानाचा देठ आधी हिरवा होता, मग पिवळा झाला. आता सगळं त्या देठावर होतं. बोट लावताच तो गळून पडला तर डोळा जगला; वाळून चिकटून राहिला तर मेला. बोट लावून पाहायची तिला इतकी इच्छा होई की ती हात पाठीमागे बांधून चाले.

एकविसाव्या दिवशी सकाळी बापूराव आला. पहिल्या दोन ओळी त्यानं स्वतः पाहिल्या. जुन्या चाकूच्या. देठ वाळून चिकटलेले, सोपट सोडलं की खाली काळा डोळा. शंभरातले चाळीस जगलेले. त्यानं तिसरी ओळ धरली. पहिल्या रोपाच्या देठाला बोट लावलं, देठ गळला. दुसऱ्याचा गळला. तिसऱ्याचा, चौथ्याचा. तो भरभर चालू लागला, बोट लावत, आणि देठ टपटप पडत होते. ओळीमागून ओळ. शंभरातले नव्वद, ब्याण्णव. बाविसाव्या ओळीत लाल चिंधीचं रोप आलं. तिथला देठ चिकटलेला. सोपट सोडलं, डोळा काळा.

बापूराव उठला आणि हात झटकले.

"माह्यासमोर भरलं, नेमकं तेच मेलं," तो म्हणाला. "चंपत, खरं सांगतो, राग मानू नको. हात तुहा गेला. रगत आलं अन् तुले समजलं नाही, तवाच मी वळखलं. हे सारं चाकूचं काम हाय. तो चाकू मले दे. गोऱ्ह्याचे दुप्पट देतो. वरुडाचे कारागीर आनतो अन् त्यायच्या हाती देतो. तुले पानी द्याले ठेवीन, उपाशी नाही मारत."

गिरजाबाईला वाटलं, आपण बोलावं. पण बोलावं तर सहा हजार रोपं बांधावर जातात आणि न बोलावं तर हा माणूस उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या डोळ्यांना पाणी घालतो. चंपतनं कमरेची थैली सोडली, चाकू काढला आणि जमिनीवर ठेवला. चाकू आमच्याकडे हातोहात देत नाहीत, भांडण लागतं. एकानं खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. बापूराव वाकला.

"तुमाले नाही, मालक," चंपत म्हणाला. "गिरजे, उचल."

ती हललीच नाही.

"उचल म्हनतो ना. हे रोप रिकामं झालं. दुसऱ्या अंगानं भर."

तिनं चाकू उचलला. लाल चिंधीच्या रोपापाशी बसली, काडी घेतली. मूठ हातात बसली. चंपत समोर बसला आणि त्यानं सोपट हातात घेतलं. तिनं डोळा काढला, चीर दिली, सरकवला. त्यानं बांधलं, आणि बांधता बांधता, वर न पाहता बोलला.

"पह्यल्या दोन ओळी माह्या, अन् हे एक रोप. बाकी समदं हिच्या हातचं हाय. चाकू बी हिच्याच हाताले बसते, माह्या नाही. उपटाचं असन तं आताच उपटा, मालक. आमी दोघं उपटू लागतो. पन काम हिचं हाय, ते चाकूच्या नावावर नोका टाकू."

बापूराव उभा होता. त्याची नजर रोपांवरून पार बांधापर्यंत गेली आणि परत आली. गिरजाबाई वाट पाहत होती, त्याचा हात कोणत्या रोपाकडे जातो याची. सतरा वर्षांत नवरा चारचौघांत तिच्याबद्दल एवढं कधी बोलला नव्हता, आणि ते असं बोललं गेलं म्हणून तिला धड आनंदही होईना. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायला हात रिकामे नव्हते.

मग बापूराव तिच्या बाजूला उकिडवा बसला.

"दुसरं भर," तो म्हणाला. "जरा हळू कर. मले दिसलं नाही."

गिरजाबाईनं शेजारचं, डोळा मेलेलं रोप वाकवलं आणि हळू केलं.